मधल्या सुट्टीनंतरचा ताप

त्या हिवाळ्यात मी दोन दारांवर उभी होते. सकाळी शाळेच्या गेटवर आणि संध्याकाळी सासूबाईंच्या खोलीच्या दारात. दोन्हीकडे काम एकच होतं, ताप आत येऊ द्यायचा नाही. दोन्हीकडची माणसं माझ्यावर नाराज होती आणि मीही माझ्यावर फार खूश होते अशातला भाग नाही. आज ते दिवस आठवायला बसले की आधी प्रसंग आठवत नाहीत, आधी थकवा आठवतो. पोटऱ्यांतला, मानेतला आणि बोलून बोलून बसलेल्या घशातला.

मी चंदीगडच्या एका शाळेत लहान मुलांना विज्ञान शिकवते. नवरा सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत आहे. तो मोजमापाची यंत्रं बनवतो, यापलीकडे त्याचं काम मला कधी नीट समजलेलं नाही आणि आता समजून घ्यायची उमेदही राहिलेली नाही. लेक माझ्याच शाळेत तिसरीत होती. आणि आई, म्हणजे सासूबाई, सासरे गेल्यानंतर आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या होत्या. त्यांचा सगळा जन्म सांगलीकडच्या खेड्यात गेला, त्यातला निम्मा चुलीपुढे. धुरानं फुफ्फुसं कधीचीच खराब झालेली होती, पण ते कळलं इथं आल्यावर, पहिल्या थंडीत. दिवाळीच्या सुमारास छातीच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं, फ्लूची लस टोचली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "लस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. माताजी को इस सर्दी में फ्लू नहीं होना चाहिए, बस इतना देख लीजिए." त्या 'बस'ला मी पुढे मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या. ही बाई हा हिवाळा काढते की नाही, हे एका तापावर अवलंबून होतं आणि तो ताप मी रोज जिथं कामाला जात होते तिथं वस्तीला होता.

धुक्यामुळे लांबवलेली शाळेची सुट्टी संपली आणि आठवड्याभरात वर्गावर्गातून खोकला ऐकू यायला लागला. आधी एका बाकावर, मग रांगेत, मग फळ्यावर लिहिताना पाठीमागं सगळीकडून. वरून सर्क्युलर आलं: असेंब्ली बंद, मास्क सक्तीचा, हात धुवायला लावा, आजारी मुलाला वर्गात बसू देऊ नका. प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावून घेतलं आणि 'हेल्थ इन्चार्ज' करून टाकलं. जीवशास्त्र शिकलेल्या बाईला तापातलं कळतं असा एक समज आहे. मी शिकले ते बेडकाचं हृदय. पण नाही म्हणायची सोय नव्हती. केबिनमधून निघताना मॅडम म्हणाल्या, "और देखिए, बच्चों को बिना वजह वापस मत भेजिएगा, पेरेंट्स शिकायत करते हैं." आजारी मूल आत घ्यायचं नाही आणि परतही पाठवायचं नाही. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशातली गत.

गेटवर माझ्या हातात ते बंदुकीसारखं थर्मामीटर. कपाळासमोर धरायचं, दाबायचं, आकडा बघायचा. पहिल्या सकाळी एकाही मुलाला ताप नव्हता. दुसऱ्या सकाळीही नव्हता. बहुतेकांच्या कपाळावर तर आकडाच येत नव्हता, नुसतं 'लो' असं दिसायचं. मुलं धुक्यातून यायची, कुणी बापाच्या स्कूटरवर पुढं उभं राहून, कुणी दारं नसलेल्या ऑटोतून. कपाळं बर्फ झालेली. त्या यंत्राच्या हिशेबानं आमची शाळा जवळजवळ मेलेल्या मुलांची होती. मी निमूटपणे एकेकाला आत सोडत होते आणि मधली सुट्टी संपली की तीच मुलं बाकावर डोकं टेकून बसलेली दिसत होती, लालबुंद चेहऱ्यानं.

हे मी नवऱ्याला सांगितलं. त्याला एकदम हुरूप आला. ते यंत्र ताप मोजतच नाही, ते फक्त कातडीच्या वरच्या थराचं तापमान मोजतं, वगैरे वगैरे, असं त्यानं अख्खा वरणभात संपेपर्यंत समजावलं. मग उपाय सांगितला की प्रत्येक मुलाला आधी पंधरा मिनिटं उबेत बसवून मग मोजायचं. शास्त्रात बसतं. पण आमच्याकडे उबेची जागा एकच, ऑफिसच्या बाहेरची लॉबी. तिथं सगळ्या शाळेला पंधरा मिनिटं कोंबून बसवलं असतं तर उरलीसुरली मुलंही त्याच दिवशी आजारी पडली असती. हे मी म्हटल्यावर तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "हां, तो एक व्हेरिएबल आहे."

शेवटी मी बंदूक ठेवून दिली आणि हात वापरायला लागले. आपल्याकडे आया बघतात तसं. मुलाच्या कॉलरच्या आत, मानेमागं, पालथा हात. कपाळ खोटं बोलतं, मान बोलत नाही. माझे हात गार असायचे म्हणून मी ते आधी काखेत धरून ऊबवायची आणि प्रत्येक मुलानंतर त्यावर सॅनिटायझर, तो आणखी गार. आठवड्याभरात बोटांच्या पेरांना चिरा पडल्या.

मानेनं मात्र एक वेगळीच गोष्ट उघडकीला आली. काही मुलांची मान गार, नव्हे घामट असायची आणि मास्क खाली ओढला की ओठांच्या कडेला गुलाबी डाग. तोंडाजवळ गेलं की स्ट्रॉबेरीसारखा गोडसर वास. तापाचं सिरप. निघायच्या आधी चमचाभर पाजायचं, शाळेच्या गेटवर मूल थंडगार आणि मधल्या सुट्टीनंतर औषध उतरलं की ताप पुन्हा वर. तोवर ते मूल शेजारच्याच्या डब्यातला पराठा खाऊन, शेजारच्याच्या पेन्सिलीचं टोक चावून मोकळं झालेलं.

मला राग यायचा. अजूनही येतो. एक आई मोहालीच्या कुठल्याशा आयटी ऑफिसात होती, अगदी नीटनेटकी, गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं, टॅक्सी मागे थांबवून ठेवलेली. मुलाचे ओठ गुलाबी. मी मुलाला बाजूला उभं केलं तर म्हणाली, "मैम जी, बस हल्का सा जुकाम है. रात को सोया नहीं ठीक से."

"सिरप कब दिया?"

"कौन सा सिरप जी?"

मी नुसतं मुलाच्या ओठांकडे बघितलं. तिनंही बघितलं. मग तिचा आवाज खाली आला. "मैम, आज छुट्टी ले लूँगी तो पक्का निकाल देंगे. घर पर कोई नहीं है. बारह बजे तक रख लीजिए, प्लीज़." मी त्या मुलाला परत पाठवलं. टॅक्सीत बसताना तिनं मुलाचा मास्क तेवढा नीट केला. मला वाटलं होतं आपण जिंकलो की बरं वाटेल. तसं काही झालं नाही. पुढचा मुलगा समोर येऊन मान पुढे करून उभा होता.

अशी रोज दोनचार. मागून गाड्यांचे हॉर्न, घंटा होऊन गेलेली, आणि मी एकेकाच्या मानेत हात घालून उभी. माझ्या पाठीमागं मला पालक 'पुलिसवाली मैडम' म्हणायचे, हे मला माझ्याच लेकीनं सांगितलं.

घरी आले की दुसरं दार. शाळेतून आल्यावर मी आणि लेक मागच्या अंगणातून घरात शिरायचो. कपडे तिथंच बादलीत, मग गीझरच्या पाण्यानं अंघोळ, मग नवा मास्क. एवढं करूनही आईंच्या खोलीत कुणी जायचं नाही. त्यांचं ताट मी दाराशी स्टुलावर ठेवायची, त्या घ्यायच्या. खिडकी थोडी उघडी. लेकीनं दाराबाहेर बसून बोलायचं, फरशीच्या काळ्या पट्टीच्या अलीकडून. हे सगळे नियम मीच केलेले. नवरा म्हणाला, "जरा जास्त होत नाही का?" मी म्हटलं, "मग तू ठरव, आणि काही झालं तर डॉक्टरांना तूच उत्तर दे." त्यावर त्यानं स्वतःचा चहाचा कप उचलला आणि लेकीचा अभ्यास घ्यायला गेला.

आईंनी पहिले दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी ताट उचलताना म्हणाल्या, "आमच्या येळंला बाई चार दिस बाहीर बसायची. पाचव्या दिशी न्हाऊन घरात यायची. माझा पाचवा दिस कधी गं?"

त्यांनी हे हसत विचारलं, पण मला लागलं. कारण याच बाईनं मला एक दिवसही बाजूला बसवलेलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मी घाबरत घाबरत विचारलं होतं की आई, मी स्वयंपाकघरात येऊ का, मला अडचण आहे. त्या चुलीपुढून न वळता म्हणाल्या होत्या, "भाकरी करपाय लागलीया, ये लवकर." त्यांच्या सासूनं त्यांना गोठ्याशेजारी बसवलेलं, त्यांनी ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. आणि मी मात्र शिकलीसवरलेली, मास्क लावून त्यांना खोलीत बसवून ठेवलेलं. माझ्याजवळ कारण होतं, चांगलं भक्कम कारण होतं. कारण असलं तरी वाईट वाटायचं ते वाटतंच.

चंदीगडमध्ये त्यांना बोलायला तसंही कोण होतं. हिंदी त्यांना कामापुरती यायची, तीही त्यांच्या पद्धतीची. लेकीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. फरशीच्या पट्टीच्या दोन बाजूंना बसून दोघींचं चालायचं. आजी म्हणायची, "तिकडंच बस, हिकडं नगं येऊ, तुम्हारी मम्मी बोंबलेगी." लेक म्हणायची, "आजी, मम्मी तो स्कूल में भी बोंबलती है." सेक्टरातल्या मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू व्हॉट्सअपवरच रद्द झालं होतं. आईंनी त्यासाठी ट्रंकेतून काढलेलं लुगडं तसंच घडी करून उशाला ठेवलं.

म्हणून संध्याकाळी सहाच्या पुढं मी स्वतः त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले. आधी त्यांचा ताप मोजायचा. थर्मामीटर पुसून स्टुलावर ठेवायचं, त्या काखेत धरायच्या, वाजलं की मला दाखवायच्या. मग बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी. आकडा नेहमी थोडा कमीच असायचा, त्यांच्या फुफ्फुसांना तेवढाच शोभायचा. ते झालं की मी शाळेतलं सांगायची. दिवसभरात तेवढाच काय तो मोकळा वेळ, आणि मी तो तक्रारी करण्यात घालवायची. कुणाचे ओठ गुलाबी होते, कुणी कुठली थाप मारली, कुणाला कसं पकडलं, कुणाला गेटवरूनच घरी पाठवलं. आई मन लावून ऐकायच्या. मला वाटायचं, त्यांचा वेळ जातोय.

"पर आईबाप तरी काय करतील," त्या एकदा म्हणाल्या. "घरात माणूस नको का बघाय."

"म्हणून दुसऱ्यांच्या मुलांना ताप द्यायचा? एक चमचा पाजला की झालं?"

"किती येळ दम धरतंय ते औशिद?"

"चार तास, फार तर पाच. घेतल्यावर तासाभरात अंग गार पडतं. म्हणून तर ते नेमकं निघताना देतात. आई, हुशार असतात लोक."

"व्हय," त्या म्हणाल्या, "हुशार तर खरंच."

फेब्रुवारी लागता लागता आमच्या लेकीला ताप आला. सकाळी मानेत हात घातला तर मान तापलेली. तिला हॉलमध्ये दिवाणावर झोपवलं, नवऱ्यानं रजा टाकली, आईंची खोली आणि हॉल यांच्यामधलं दार बंद. मी शाळेत गेले, कारण हेल्थ इन्चार्जचीच मुलगी आजारी म्हटल्यावर गेट कोण सांभाळणार. चार दिवसांत ती बरी झाली, जशी मुलं होतात, एकदम भूक लागून. त्या चार दिवसांत आईंनी एकच मागणं केलं, पोरीची दृष्ट काढू दे. मी जवळ जाऊ दिलं नाही. मग त्यांनी मीठमोहरी मुठीत घेतली आणि बंद दाराच्या काचेतून हॉलच्या दिशेनं ओवाळली. पलीकडे हॉलमध्ये लेक उठून बसली आणि काचेसमोर डोकं धरलं. मला हसू आलं आणि बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

लेक उठली, नवरा कामावर गेला, आईंचं थर्मामीटर रोज संध्याकाळी नॉर्मल. मी मनात म्हटलं, निभावलं. दारातून आत जाऊन त्यांच्या पलंगावर बसावंसं फार वाटत होतं, पण आणखी थोडे दिवस जाऊ देत, असं ठरवलं. त्या जरा गप्प असायच्या. तक्रारी ऐकतानाही उशीला टेकूनच. चिमटीचा आकडा अजून थोडा खाली आला होता, पण बोटं इतकी गार होती की मी म्हटलं, थंडीमुळे नीट लागत नसेल. त्यांना हातमोजे घालायला सांगितले. गार कपाळावर बंदूक फसते, हे अख्ख्या चंदीगडला सांगत फिरणारी बाई मी. गार बोटांची सबब मी स्वतःच शोधली आणि स्वतःच मान्य केली.

मग एके दिवशी शाळेतले इतके शिक्षक आजारी पडले की वर्ग चालवणं जमेना. मॅडमनी लहान वर्गांना पुढचा आठवडाभर सुट्टी दिली आणि दुपार व्हायच्या आधीच बसेस काढल्या. लेकीला घेऊन मी घरी आले ती एरवी कधीच येत नसे अशा वेळी. बाहेर ऊन पडलं होतं, त्या महिन्यातलं पहिलं धड ऊन. अंगणात कपडे बदलताना मला आईंचा खोकला ऐकू आला. खोकला त्यांना नेहमीचाच, पण हा वेगळा होता, खोल आणि ओला, आणि दोन खोकल्यांच्या मध्ये श्वास घ्यायला जागाच नसलेला.

मी अंघोळ केली नाही. मास्क होता तोंडावर, तेवढाच. काळी पट्टी ओलांडून आत गेले. त्या दोन रजया अंगावर घेऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"आई?"

"तू कशी आलीस एवढ्यात?" त्या दचकल्या. अगदी चोरी पकडल्यासारख्या. "काय न्हाई, जरा पडले हुते."

मी त्यांच्या मानेमागं हात घातला. दिवसातून शेकडो वेळा घालायची तसाच. त्या मानेचा चटका मला अजून आठवतो. उशीखाली गोळ्यांची पाकिटं होती, साधी तापाची, आमच्याच डब्यातली. मला एका क्षणात सगळं कळलं. चार वाजता चहाबरोबर गोळी. सहानंतर मी येणार, थर्मामीटर नॉर्मल दाखवणार. झोपताना आणखी एक. दुपार तेवढी उघडी, कारण दुपारी घरात बघायला कुणी नाही. किती वेळ टिकतं, अंग कधी गार पडतं, सगळं मीच तर दारात बसून तपशीलवार शिकवलं होतं. सगळ्या सेक्टरातल्या आयांची थाप मी ओठांवरून ओळखली, आणि जिच्यासाठी हा सगळा आटापिटा, तिनं मला रोज संध्याकाळी फसवलं.

त्या वेळी मात्र विचार करायला सवड नव्हती. चिमटीचा आकडा बघून मी नवऱ्याला फोन केला आणि "ये" एवढंच म्हणाले. लेक पट्टीच्या पलीकडे दप्तर घेऊनच उभी होती. तिनं विचारलं, "मम्मी, आजी को घर से ले जाओगे?" मी तिला शेजारणीकडे सोडलं. आई गाडीत बसेपर्यंत एकच सांगत होत्या, की पोरीला बोलू नका, तिच्यापासनं न्हाई आलं, मला आपलंच आलंय. कुणापासून आलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. डॉक्टरांनी विचारलंही नाही. लेकीपासून असेल, माझ्यापासून असेल, स्टुलावरच्या ताटातून असेल. तपासणीत फ्लू निघाला आणि एक्स-रेत दोन्ही बाजूंना न्यूमोनिया. "आणखी दोन दिवस अशाच घरी राहिल्या असत्या तर आणण्यात अर्थ नव्हता," असं तिथले डॉक्टर म्हणाले, थंडपणे, कारण त्या दिवशी त्यांनी हे वाक्य आणखी बऱ्याच जणांना सांगितलं असणार.

पुढचे दिवस सगळे सारखेच गेले. वॉर्डात एकाच माणसाला बसायची परवानगी. दिवसा मी, रात्री नवरा. आईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, माझ्या तोंडावर माझा. बोलणं असं काही नव्हतंच. मी त्यांचे पाय चेपायची. त्यांना गेलेलं बघायची तयारी मी मनात दोनदा केली आणि दोन्ही वेळा सकाळी त्यांनी मला बघून भुवया हलवल्या. माझ्या मनात त्यांच्यासाठी जीव तुटत होता आणि त्याच वेळी भयंकर राग साठत होता. इतकं केलं, हात फाटेपर्यंत केलं, लेकीला आजीपासून तोडलं, आणि यांनी गोळ्या गिळून सगळ्यावर पाणी ओतलं. आजारी माणसावर रागवायचं नसतं म्हणून तो राग नुसता बसून होता.

एका दुपारी त्यांचा मोठा मास्क काढून नाकात नळी लावली. आता धोका टळला, हळूहळू सुधारतील, असं नर्सनं सांगितलं. मी त्यांना चमच्यानं पेज भरवली. अर्धी वाटी गेली. खिडकीतून पलंगावर ऊन आलं होतं. आणि मग मला राहवेना.

"आई, का केलंत असं? मला सांगायचं तरी."

मला वाटलं, पोरीला बोल लागू नये म्हणून, असं म्हणतील. किंवा तुझी नोकरी, तुझी दगदग, असं काही. मी त्याला द्यायचं उत्तरही तयार ठेवलं होतं.

"तूच सांगायचीस न्हवं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "ताप निघाला की पोराला गेटावरनंच घरी लावून देती म्हून."

"मग?"

त्यांनी दोनदा श्वास घेतला. "माझा निघाला असता तर मला कुठं लावून दिली असतीस? गावचं घर तर इकलं."

गावचं घर आम्ही मागच्या उन्हाळ्यात विकलं होतं. बंद घराला वाळवी लागत होती, बघायला कुणी नव्हतं, सगळं बरोबरच होतं. त्यांनीच सही केली होती आणि सही करताना काहीही म्हटलं नव्हतं. आम्ही धरून चाललो की त्यांना पटलं. दारात खुर्ची टाकून मी रोज माझ्या शौर्याच्या गोष्टी सांगत होते आणि पलंगावरची ती बाई रोज एकच गोष्ट ऐकत होती, की या घरात ताप आलेल्याला ठेवून घेत नाहीत. आधी खोलीत बसवतात, मग बाहेर काढतात. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"घरीच ठेवलं असतं, आई," मी म्हणाले.

"कुणाच्या?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"तुमच्या."

त्या तशाच बघत राहिल्या. मास्कमुळे शब्द पोचला नसावा, आणि वॉर्डात मास्क काढायला बंदी होती. मी वाटी खाली ठेवली, स्टूल ओढून त्यांच्या अगदी कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा एकदा सांगितलं.